आकडेबाई आणि सगळ्यांची फाइल

कॉलेजात त्यांना सगळे आकडेबाई म्हणत. गंमत म्हणजे शाळेत असताना गणिताच्या तासाला याच बाईंच्या पोटात हमखास दुखायचं. पुढे त्या साहित्य शिकल्या, ग्रंथालयात नोकरीला लागल्या, आणि आयुष्यभर कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांमध्ये सुखानं वावरू अशा समजुतीत होत्या. पण त्यांचं तोंड जरा जास्त चालायचं. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रविवारीही उघडा असावा यावरून त्यांनी भर सभेत प्राचार्यांशी वाद घातला, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांची बदली खाली तळघरात झाली.

तळघरातल्या त्या खोलीला 'सांख्यिकी विभाग' म्हणायचं. म्हणजे काय, तर पाण्याच्या पंपाशेजारची एक ओलसर खोली, भिंतीला टेकून उभी कपाटं, आणि त्यांत जनगणनेचे आणि पाहण्यांचे जाडजूड खंड. ते कुणी उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एका कपाटात तर झाडू आणि बादल्या ठेवत. पंप सुरू झाला की टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. पहिले काही दिवस बाईंनी दार लावून रडून घेतलं. मग रडण्याचाही कंटाळा आला, म्हणून त्यांनी हाताला लागेल तो खंड काढला आणि मध्येच कुठंतरी उघडला.

तक्ता होता मुलींनी शाळा का सोडली याचा. एक रकाना होता: 'घरी लहान भावंडं सांभाळण्यासाठी'. बाई त्या रकान्याकडे बघतच राहिल्या. त्यांची थोरली बहीण, त्यांची ताई, अशीच शाळेतून काढली गेली होती. आणि ती ज्यांना सांभाळायला घरी राहिली, त्या लहान भावंडांत बाई स्वतः होत्या. एवढ्या मोठ्या आकड्यात कुठंतरी आपली ताई बसली आहे, हे लक्षात आलं आणि बाईंनी त्या आकड्यावर हलकेच बोट ठेवलं. आकडे म्हणजे माणसंच, फक्त जवळजवळ उभी केलेली; त्या दिवसापासून बाईंनी तळघराला शिक्षा म्हटलं नाही.

वर्षभरात त्यांनी झाडू बाहेर काढले, खंड नीट लावले, आणि कुठल्या तक्त्यात काय सापडेल हे त्यांना तोंडपाठ झालं. हळूहळू वरचे प्राध्यापक जिना उतरू लागले. 'आकडेबाईंना विचारा' हे आधी चेष्टेनं म्हणत, मग गरजेनं म्हणू लागले.

घरी नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर राहायचं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. त्यांचा आवाज अजूनही असा खणखणीत, की त्यांनी 'मीठ द्या' म्हटलं तरी समोरचा पटकन ताठ बसायचा.

एका दुपारी तळघरात एक बाई आल्या. डोंगराकडच्या एका गावात परिचारिकांचं कॉलेज होतं, तिथं त्या शिकवायच्या. बसनं अर्धा दिवस प्रवास करून आल्या होत्या, कोट भिजलेला, बुटांना चिखल.

"आमच्या भागात अजूनही बऱ्याच बायका घरीच बाळंत होतात," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात दवाखाना लांब पडतो. मला नाही तसं वाटत. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतंय? मला नीट शोधायचंय."

आकडेबाईंनी पटापट खंड काढले. किती बायका घरी बाळंत झाल्या ते सापडलं. दवाखाने किती लांब तेही सापडलं. पण लांब राहणारी कोण, तिला आधीची मुलं किती, घरात दुसरं कुणी मोठं माणूस आहे का, हे सगळं एकाच बाईबद्दल एकत्र कुठंच मिळेना. छापील तक्ते म्हणजे तयार शिवलेले कपडे. नर्सबाईंना हवा होता कापडाचा तागा, म्हणजे पाहणीची मूळ फाइल, जिच्यात एकेका घरानं दिलेली उत्तरं एका ओळीत असतात. नाव-पत्ता काढून टाकलेला, बाकी सगळं जसंच्या तसं.

बाईंनी सांख्यिकी कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "संस्था कुठली?" मग कागद चाळल्याचा आवाज. "मूळ फाइल फक्त मोठ्या विद्यापीठाला मिळते. त्यांच्याशीच करार आहे."

मग दोघी ट्रामनं मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या. तिथल्या मुख्य ग्रंथपालांना त्यांच्या पाठीमागे सगळे कुलूपसाहेब म्हणत, कारण त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा आणि टेबलाच्या प्रत्येक खणाला कुलूप. ते शांतपणे म्हणाले, "फाइल आहे. पण करारात लिहिलंय, आमचेच विद्यार्थी आणि आमचेच प्राध्यापक. माझा नाइलाज आहे."

नर्सबाई रिकाम्या हातानं बसमध्ये चढल्या. जाताना उलट आकडेबाईंचीच समजूत घालत होत्या, "जाऊ द्या हो, तुम्ही एवढं केलंत तरी." ते ऐकून आकडेबाईंना जास्तच लागलं.

रात्रीच्या जेवणाला बाई नुसता चमचा फिरवत बसल्या. सासूबाईंनी बघितलं. "काय झालं गं? सूप काय टेबलावरनं पळून जाणार आहे?"

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी राजधानीला जाणारी तार एकच होती. प्रत्येक घरानं आपापला खांब रोवायचा म्हटलं असतं, तर आजतागायत कुणी कुणाशी बोललं नसतं. तार एकच, पण मध्ये जोडणीचा बोर्ड होता ना! आणि बोर्डावर बसणारी बाई अशी हवी, की जोडून देईल पण चोरून ऐकणार नाही. झालं. एवढंच तर होतं एक्स्चेंज."

बाईंचा चमचा हातातच राहिला. नवरा म्हणाला, "आई, आता ही झोपायची नाही बघ."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी फोन हातात घेतला तो महिनाभर खाली ठेवला नाही. एकेका कॉलेजच्या ग्रंथपालाला त्या विचारत: आपण सगळ्यांनी मिळून एकच करार केला तर? खर्च प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे उचलायचा, फाइल एकाच ठिकाणी ठेवून कॉम्प्युटरवरून सगळ्यांना जोडून द्यायची, आणि प्रत्येक ग्रंथालयात एक माणूस तयार करायचा. शेतकी कॉलेजवाले ऐकता ऐकताच हो म्हणाले. शिक्षकांच्या कॉलेजातले ग्रंथपाल म्हणाले, "कल्पना झकास आहे, पण आमच्याकडे कॉम्प्युटर एकच, तोही प्राचार्यांच्या खोलीत, आणि त्यावर ते पत्ते खेळतात." किनाऱ्यावरच्या एका कॉलेजच्या बाई मात्र खोदून खोदून विचारत राहिल्या, "पण यात तुमचा काय फायदा?"

"मला कुणाला परत रिकाम्या हातानं बसमध्ये बसवून द्यायचं नाहीये," आकडेबाई म्हणाल्या. पलीकडून आवाज आला, "बरं. आमचंही नाव घाला."

सांख्यिकी कार्यालयाच्या तेव्हाच्या संचालिका जुन्या, मुरलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "एखाद्या गावात एकच विधवा डॉक्टर असेल, तर तिचं नाव काढून काय उपयोग? उत्तरं वाचून कुणीही ओळखेल. त्या बाईनं आमच्या माणसाला विश्वासानं दार उघडलं होतं. तिला मी काय सांगू?"

काहीतरी ठोकून द्यायचं आकडेबाईंच्या जिवावर आलं. "मला आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "शिकून परत येते."

आणि खरंच शिकल्या. पोटात दुखायचं वय गेलं होतं. त्या कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या, विद्यार्थी वळून वळून बघायचे. परत गेल्या तेव्हा त्यांच्याकडे नियम होते: लहान गावं एकत्र करून मोठे भाग करायचे, म्हणजे कुणी एकटं उठून दिसणार नाही. वापरणाऱ्यानं कुणालाही ओळखायचा प्रयत्न करणार नाही असं लिहून द्यायचं. ग्रंथालयातल्या तयार माणसाशिवाय फाइल उघडायची नाही. संचालिकांनी बराच वेळ वाचलं. "थोड्या ग्रंथालयांपुरतं करून बघा," त्या म्हणाल्या. "पण फाइल पक्क्या बंदोबस्तात राहिली पाहिजे. तशी खोली कुणाकडे आहे?"

तशी खोली एकाच माणसाकडे होती. कुलूपसाहेबांकडे.

बाई गेल्या. साहेब नाही म्हणाले. पुन्हा गेल्या, पुन्हा वाटाण्याच्या अक्षता. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्याकडून सगळी दारं उघडून घ्यायला निघाला आहात."

"उलट," बाई म्हणाल्या. "दार मी सांभाळीन. मला कुलूप सांभाळणारा माणूस हवाय. आणि तुमच्याइतका पक्का माणूस मी अख्ख्या जन्मात बघितलेला नाही."

साहेबांनी कमरेच्या जुडग्याकडे बघितलं आणि खो खो हसायला लागले. बाहेर बसलेल्या कारकुनाला वाटलं आत काहीतरी पडलं. साहेब हसतात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

असं ते सुरू झालं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण सगळे नुसतं 'सामायिक' म्हणत. तळघरात शिकवणीचे वर्ग भरू लागले. पंप सुरू झाला की सगळे आपापला कप धरत आणि थांबत. नर्सबाई पहिल्या खेपेलाच आल्या आणि मान वर न करता फाइलमध्ये बुडाल्या. त्यांचं वाटणं खरं निघालं. अंतराचा वाटा होता, पण त्याहून मोठा वाटा होता तो घरातल्या आधीच्या लहान मुलांचा. ज्या घरात मुलांना बघायला दुसरं कुणी नव्हतं, तिथली बाई दवाखान्यात जातच नव्हती, मग दवाखाना कोपऱ्यावर का असेना. ते आकडे घेऊन नर्सबाई दवाखान्याच्या मागे लागल्या आणि तिथं बाळंतिणीच्या थोरल्या मुलांसाठी एक खोली, दोन आया आणि खेळणी असं सुरू करायला लावलं. बायका येऊ लागल्या. नर्सबाईंनी फोनवर सांगितलं, "अहो, त्या खोलीत एवढा गोंगाट असतो, की डॉक्टर तक्रार करतात!" आकडेबाई फोन ठेवून कितीतरी वेळ एकट्याच हसत होत्या.

मग जुन्या संचालिका निवृत्त झाल्या आणि नवे संचालक आले. कडक माणूस, बोलणं तुटक. करार नव्यानं व्हायचा होता, आणि सगळीकडे कुजबुज होती की संचालकांना ही सामायिक भानगड पसंत नाही, ते गाशा गुंडाळायला लावणार. तेवढ्यात नवीन पाहणीची फाइल आली, आणि त्या फाइलनं बाईंची झोप उडवली.

झालं असं. शेतकी कॉलेजच्या ग्रंथपालांनी सामायिकला पत्र लिहून सहज विचारलं: आमचा एक विद्यार्थी म्हणतो, पूर्व भागात त्याचं गणित काही केल्या जमत नाही, त्याचंच चुकत असेल, पण जरा बघाल का? दोन दिवसांनी किनाऱ्यावरच्या बाईंचा निरोप: आमचे अर्थशास्त्राचे सर पूर्व भागापाशी अडलेत, म्हणतात माझंच कुठंतरी चुकतंय. आणि त्याच आठवड्यात नर्सबाईंचा फोन: "मी म्हातारी झाले वाटतं. पूर्वेकडच्या आया मला बापांपेक्षा जास्त शिकलेल्या दिसतायत."

तिघं तीन गावांतले, एकमेकांना न ओळखणारे, आणि तिघंही आपापल्या डोक्याला दोष देत होते. आकडेबाईंनी तिन्ही निरोप शेजारी शेजारी ठेवले. मग जुने छापील खंड काढले. पूर्व भागातल्या बायकांना शाळा सगळ्यांत कमी, आजपर्यंत प्रत्येक पाहणीत. आणि या फाइलमध्ये एकदम सगळ्यांच्या पुढे? पाणी कुठंतरी मुरत होतं. पूर्व भागापुरते नवऱ्याच्या आणि बायकोच्या शिक्षणाचे रकाने चक्क उलटसुलट झाले होते.

कुलूपसाहेबांना वेगळीच शंका आली. आपल्याकडे उतरवून घेताना तर गडबड झाली नाही? त्यांनी कार्यालयाकडून आलेली मूळ प्रत कुलपातून काढून पडताळली. तिथंही तेच. चूक कार्यालयाची होती.

"आता?" साहेबांनी विचारलं. "पुढच्या आठवड्यात करार. आत्ता जाऊन त्यांची चूक दाखवायची, म्हणजे आपल्या हातानं सामायिक बुडवायचं."

घरी नवऱ्याचंही तेच. "अगं, सही होऊ दे, मग सांग. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

"बिघडतंय," बाई म्हणाल्या. "कार्यालयाचा अहवाल सोमवारी बाहेर पडतोय. त्यावरून ठरणार, मुलींच्या शाळेसाठीची मदत कुठं जाईल. पूर्वेकडच्या बायका शिकलेल्या दिसल्या, की तिथल्या पोरींच्या तोंडचा घास गेलाच. एकदा वाटप झालं की मागाहून कोण देतंय?"

सकाळी नवऱ्यानं बाईंचा चष्मा स्वच्छ पुसून हातात दिला. "नीट दाखव त्यांना," एवढंच म्हणाला.

नव्या संचालकांनी बसायलाही सांगितलं नाही. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी सामायिक बंद करायच्या विचारात आहे. फाइल फार लोकांच्या हातांत जाते."

"त्याबद्दल बोलू या, साहेब. पण आधी दुसरं सांगायचंय, त्याला घाई आहे."

बाईंनी टेबलावर कागद मांडले. जुने आकडे, नवे आकडे, तिघांच्या शंका. बोट बरोबर रकान्यावर होतं. संचालकांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि पाहणीच्या विभागप्रमुखांना बोलावून घेतलं. विभागप्रमुख कागद घेऊन गेले. बाई उभ्याच होत्या. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

विभागप्रमुख परत आले तेव्हा त्यांचा चेहराच सगळं सांगत होता. "बरोबर आहे, साहेब. पूर्वेकडचे अर्ज वेगळ्या छापखान्यातून आले होते. त्यांवर हे दोन प्रश्न उलट क्रमानं होते. आमच्या लक्षात आलं नाही."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही फाइल आपल्याकडे किती जणांनी तपासली?"

"तिघांनी, साहेब."

मग ते बाईंकडे वळले. "आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे तपासायला कुणीच बसलं नाही," आकडेबाई म्हणाल्या. "वापरायला बसले."

संचालक उठले, त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. "बसा, बाई. आणि कुणीतरी यांना चहा सांगा रे! अहवाल थांबवा. दुरुस्त करून काढू. चूक झाली होती हे मी स्वतः जाहीर करीन, आणि ती कुठं सापडली तेही." मग जरा थांबून म्हणाले, "फार लोकांच्या हातांत जाते म्हणालो ना मी? कमी लोकांच्या हातांत जाते. किती ग्रंथालयं बाहेर राहिली आहेत?"

"निम्म्याहून जास्त."

"सगळी घ्या."

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी जिन्यातूनच कुलूपसाहेबांना फोन लावला. "साहेब, खोली मोठी करावी लागणार."

"म्हणजे? राहिलं का सामायिक?"

"राहिलं काय म्हणताय! सगळ्यांना मिळालं!"

पलीकडून किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

सगळ्या ग्रंथालयांसाठी सामायिक खुलं झालं तो दिवस थाटाचा होता. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात ग्रंथपाल खचाखच भरले होते, काही जण पायऱ्यांवर बसले होते. भिंतीवर मोठा पडदा, आणि एकेक ग्रंथालय जोडलं गेलं की त्याचं नाव त्यावर उमटायचं. डोंगरातली, बेटावरची, खाणीजवळची, कधी न ऐकलेली. प्रत्येक नावाला आधी टाळ्या पडत होत्या. मग नावं इतक्या भराभर येऊ लागली, की टाळ्यांना मध्ये थांबायला जागाच राहिली नाही. शिक्षकांच्या कॉलेजचं नाव आलं तेव्हा तिथले ग्रंथपाल उभे राहून ओरडले, "प्राचार्यांना खोलीबाहेर काढलं!" सगळं सभागृह हसलं. सासूबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होत्या, "सून आहे माझी. बोर्डावर बसलीये." बाईंची ताईसुद्धा आली होती, हात सुजेपर्यंत टाळ्या वाजवत होती.

आकडेबाईंना बोलायला उभं केलं. त्यांनी भाषण नीट तयार केलं होतं, पण समोर बघितलं आणि पार विसरल्या. "मला शाळेत गणित येत नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही सुचेना. पण सभागृहाला तेवढं पुरलं. लोक उभे राहिले. संचालक उभे राहिले. नर्सबाई खुर्चीवर चढून शिट्टी वाजवत होत्या. अशी शिट्टी त्यांना येते हे कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली. ऊन खोलीत पार आत आलं तरी त्या पांघरुणातच होत्या. खाली दुकानात फोन वाजला. कुठल्याशा नव्या ग्रंथालयातून कुणीतरी विचारत होतं, फाइल उघडली आहे, पण पुढे काय करायचं?

"अर्ध्या तासानं करा," चष्मेवाल्यांनी सांगितलं. "ती झोपली आहे. आणि काळजी करू नका हो, आकडे कुठं पळून जात नाहीत." फोन ठेवून त्यांनी दुकानाचं दार हळूच लोटून घेतलं, दारावरची घंटी वाजू नये म्हणून.